यंत्राला ताल शिकवताना

मंडळी, गाणं ऐकताना आपलं लक्ष आधी आवाजाकडे जातं, मग शब्दांकडे. आमच्यासारखे शब्दांवर जगणारे लोक तर शब्दांपाशीच थांबतात. तालाची दखल घेतो तो पाय. बसल्या जागी पाय हलू लागतो, बोटं टेबलावर ठेका धरतात, आणि हा ठेका कोण देतंय हा प्रश्न मनातही येत नाही. आज रेडिओवर, मोबाइलवर, लग्नाच्या मांडवात जी गाणी वाजतात, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत ड्रम वाजवणारा माणूस रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत नव्हता. त्या ड्रमचा प्रत्येक ठोका कुणीतरी संगणकाच्या पडद्यावर, चौकोनी खान्यांत, एकेक करून मांडलेला असतो. आणि तरी तो खरा वाटतो.

हे 'खरं वाटणं' कुठून आलं, ते आज पाहू. ही गोष्ट यंत्रांची आहे, पण तिच्यात घड्याळजी आहे, गिटारवाला आहे, मुंबईचा फिल्मी वादक आहे आणि ज्यांच्या हातांचे ठोके जगभर वाजले पण ज्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, असे ड्रमवादकही आहेत.

सुरुवात करू या १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये. हेन्री कॉवेल नावाचे एक अमेरिकी संगीतकार होते. त्यांना अशा लयी हव्या होत्या, ज्या एका माणसाच्या हातून वाजणंच शक्य नव्हतं. एकाच वेळेत एक आवाज तीनदा, दुसरा पाचदा, तिसरा सातदा, आणि सगळे एकत्र. त्यांनी लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाला गाठलं. थेरेमिन यांनी फिरत्या तबकड्या, दिवे आणि प्रकाश ओळखणारे सेल वापरून 'ऱ्हिदमिकॉन' नावाचं यंत्र बनवलं. पियानोसारख्या पट्ट्या. पहिली पट्टी दाबली की ठराविक वेळेत एक ठोका, दुसरी दाबली की दोन, तिसरी दाबली की तीन. लक्षात घ्या, तालाचं हे पहिलं विद्युत यंत्र माणसाची नक्कल करायला जन्मलंच नव्हतं. माणसाला जे जमत नाही ते करायला ते आलं होतं. नक्कल करण्याची हौस नंतरची.

ती हौस आली आणि तिला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट हॅरी चेंबरलिन या कॅलिफोर्नियातल्या माणसाची. १९४०चं दशक संपत असताना त्यांनी 'ऱ्हिदमेट' नावाची पेटी बनवली. तिच्यात खऱ्या ड्रमचं वादन ध्वनिफितीवर घेऊन त्या फितीची टोकं जोडून वेटोळं केलेलं होतं. फीत फिरत राहायची, ताल वाजत राहायचा. म्हणजे आवाज अस्सल माणसाचा, पण गोठवलेला. अशा पेट्या फारच थोड्या बनल्या. दुसरी वाट वर्लिट्झर या ऑर्गन बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची. १९५९ साली त्यांनी 'साइडमॅन' बाजारात आणला. लाकडी कपाटासारखी पेटी. आत एक तबकडी फिरायची, तिच्यावरच्या धातूच्या टोकांना स्पर्श झाला की व्हॉल्व्हच्या सर्किटमधून 'टक्', 'ठप्', 'छस्' असे आवाज निघायचे. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे बारा ठेके तयार. इथे ड्रम कुठेच नव्हता. होती ती विजेनं केलेली ड्रमची नक्कल.

या दोन वाटा ध्यानात ठेवा. एक, खरा आवाज साठवून ठेवायचा. दोन, नवा आवाज घडवायचा. पुढची सगळी कहाणी या दोन वाटांच्या शर्यतीची आहे.

आता जपानला जाऊ. ओसाका शहरात १९३० साली जन्मलेला इकुतारो काकेहाशी हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो किशोरवयात होता. पोटासाठी त्यानं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मग रेडिओ दुरुस्ती, मग विजेची वाद्यं. घड्याळजीच्या हातून पुढे तालाची यंत्रं घडावीत, यात मला मोठं औचित्य वाटतं. शेवटी दोन्हीकडे काम एकच: वेळेचे सारखे तुकडे करायचे. काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीनं १९६७ साली 'ऱ्हिदम एस एफआर-१' काढला. सोळा ठेके तयार, हवा तो बटणावर. अमेरिकेत घरोघरी ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी लोकांसाठी हॅमंड कंपनीनं हीच करामत आपल्या ऑर्गनमध्ये बसवून घेतली. घरात बसून एकट्यानं संगीत करणाऱ्या माणसाला ताल देणारा जोडीदार मिळाला तो असा. जोडीदार मुका, पण वक्तशीर. पुढे १९७२ साली काकेहाशी यांनी रोलँड ही कंपनी स्थापन केली.

ही यंत्रं त्या काळी खेळण्यासारखी मानली जात. गंभीर संगीतात त्यांना जागा नव्हती. पण १९७१ साली 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या अमेरिकी संचाचं 'फॅमिली अफेअर' हे गाणं आलं. त्यात असंच एक यंत्र टकटकत होतं, आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. यंत्राचा निर्विकारपणा हाच त्या गाण्याचा भाव ठरला. तरीही एक अडचण होतीच. ठेके कंपनीनं भरलेले. तुमच्या मनातला ठेका यंत्राला सांगायची सोय सहसा नसे. १९७८ साली रोलँडच्या सीआर-७८ या यंत्रात मायक्रोप्रोसेसर आला आणि वाजवणाऱ्याला स्वतःचे ठेके त्यात साठवता येऊ लागले. फिल कॉलिन्स यांच्या १९८१च्या 'इन द एअर टुनाइट' या गाण्याच्या सुरुवातीला जो मंद, दबका ताल ऐकू येतो, तो याच यंत्राचा. कॉलिन्स स्वतः नामांकित ड्रमवादक. खरे ड्रम त्या गाण्यात येतात ते बऱ्याच उशिरा, आणि येतात ते दार फोडून आल्यासारखे. यंत्र आणि माणूस यांतला फरक ज्याला कळला, त्यानं तो फरकच गाण्यात वापरला.

१९८० साल या कहाणीतलं सर्वांत मोठं. त्या साली दोन यंत्रं आली. एक पहिल्या वाटेचं, एक दुसऱ्या.

पहिलं यंत्र रॉजर लिन या अमेरिकी गिटारवादकाचं. नाव एलएम-१. यात खऱ्या ड्रमचे ठोके अंकांच्या रूपात चिपवर साठवलेले होते. आजच्या भाषेत 'सॅम्पल'. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. यंत्रं बनली साधारण पाचशे. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी महाग होती की या यंत्रात मोठ्या झांजेचा, म्हणजे क्रॅश सिम्बलचा आवाजच नव्हता. झांजेचा नाद काही सेकंद रेंगाळतो. तेवढा नाद साठवायचा म्हणजे चिपवर चिप लागणार. ड्रमचा ठोका मात्र क्षणात संपतो. म्हणून ठोका परवडला, झंकार परवडला नाही. १९८२ साली लिन यांनीच लिनड्रम हे पुढचं यंत्र काढलं, तेव्हा त्यात झांजा आल्या.

पण लिन यांची मोठी देणगी आवाजाची नव्हे, वेळेची आहे. त्यांच्या यंत्रावर तुम्ही बोटानं ठेका वाजवला आणि बोट थोडं पुढेमागे पडलं, तर यंत्र तो ठोका ओढून जवळच्या बरोबर जागेवर नेऊन ठेवायचं. याला आज 'क्वांटाइझ' म्हणतात. ताल एकदम शिस्तीत. पण लिन स्वतः वादक. नुसती शिस्त म्हणजे कवायत, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी सोबत दुसरी सोय दिली, 'स्विंग'. ठोक्यांची जोडी घ्या. दोन्हींतलं अंतर अगदी सारखं असेल तर पन्नास टक्के. दुसरा ठोका थोडा उशिरा पाडला तर चौपन्न, अठ्ठावन्न, असं करत आणखी पुढे. हिशोब करून बघा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिचा अर्धा म्हणजे २५० मिलिसेकंद, सेकंदाचा पाव भाग. त्यात दोन ठोके बसवायचे तर दुसरा १२५व्या मिलिसेकंदाला पडणार. स्विंग अठ्ठावन्न केलं की तोच ठोका १४५ला पडतो. फरक किती? वीस मिलिसेकंद. सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण तेवढ्यानं गाणं चालायचं थांबतं आणि डुलायला लागतं.

१९८०चं दुसरं यंत्र रोलँडचं टीआर-८०८. हे दुसऱ्या वाटेचं. किंमत १,१९५ डॉलर, म्हणजे लिनच्या यंत्राच्या पाव भागाच्या आसपास. साठवलेला आवाज यात एकही नव्हता, सगळं सर्किटमधून निघणारं. बेस ड्रम म्हणजे पोटात घुमणारा लांब 'हूं'. टाळ्या म्हणजे कुणीतरी कागद झटकल्यासारख्या. खऱ्याशी साम्य शोधणाऱ्यांची निराशा झाली. सुमारे बारा हजार यंत्रं बनली आणि १९८३ साली उत्पादन थांबलं. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली आणि ज्यांच्याकडे स्टुडिओचे पैसे नव्हते अशा तरुणांच्या हाती पडली. त्याआधीच, १९८२ साली, न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा यांनी 'प्लॅनेट रॉक' या गाण्यात आणि मार्विन गे यांनी 'सेक्शुअल हीलिंग'मध्ये हे यंत्र वापरून दाखवलं होतं. हिपहॉप आणि नृत्यसंगीताच्या पुढच्या पिढ्या याच आवाजावर वाढल्या. खऱ्याची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं मागे पडली, नवी आली. नक्कल ज्याला जमली नाही ते मात्र स्वतःचा आवाज घेऊन राहिलं.

या ८०८ची एक कडी आपल्या मुंबईत आहे. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले जाणते वादक. त्यांनी रोलँडचं ८०८, त्याच कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर जोडून दहा रागांची एक तबकडी केली. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट', साल १९८२, कंपनी एचएमव्ही. तबकडी चालली नाही. लोक विसरून गेले. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोप-अमेरिकेतले रसिक चकित झाले. शिकागोत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जे 'ॲसिड हाउस' संगीत जन्माला आलं, त्याच्याशी हिचं नातं कानाला स्पष्ट जाणवत होतं, आणि ही तर त्याच्या आधीची. चरणजीत सिंग उतारवयात परदेशात कार्यक्रम करून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

मंडळी, इथवर ही गंमत वाटेल. पण यंत्र आलं की माणसाच्या पोटाचा प्रश्न येतोच. मे १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला. संपूर्ण संघटनेचं ते धोरण झालं नाही, यंत्रं थांबली नाहीत. पण त्या ठरावाला हसू नये. त्यामागे घरभाड्याची आणि शाळेच्या फीची काळजी होती.

मुंबईतही तेच घडलं, फक्त ठराव न होता घडलं. हिंदी चित्रपटाच्या गाण्यासाठी एकेकाळी पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक एका खोलीत बसत. त्यांत गोव्याचे ख्रिश्चन होते, पारशी होते, मुसलमान होते, मराठी, बंगाली, पंजाबी होते. पारशी लॉर्ड कुटुंब घ्या. वडील कावस लॉर्ड तालवादक, आणि केर्सी व बुजी हे मुलगेही तालवाद्यांतच मुरलेले. गंमत अशी की, हेच केर्सी लॉर्ड हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणणाऱ्यांत अग्रभागी होते. यंत्राला घरात घेणारा हात वादकाचाच होता. अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली त्यांच्यावर एक मोलाचं पुस्तक लिहिलं. त्यातून कळतं की १९९०चं दशक संपेपर्यंत तो मोठा वाद्यवृंद, ती रोजची गजबज जवळपास संपली होती. दुसऱ्या टोकाला चेन्नईत ए. आर. रहमान यांनी १९८९ साली घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९९२च्या 'रोजा'नं दाखवून दिलं की घरच्या स्टुडिओतून देशभर पोचणारं संगीत निघू शकतं. एक दार बंद झालं, एक उघडलं. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आता घरच्या संगणकाकडे येऊ. त्याआधी एक छोटी पायरी समजून घेतली पाहिजे. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 'मिडी' नावाची सामाईक भाषा ठरली. तिच्यामागे काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांचा पुढाकार होता. २०१३ साली दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडीत आवाज नसतो, नुसता निरोप असतो: अमुक वाद्य, अमुक क्षणी, अमुक जोरानं. जोराचा आकडा एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. कवितेच्या भाषेत सांगायचं तर मिडी ही लगावली आहे. शब्द नाहीत, नुसते लघू-गुरू.

या लगावलीत शब्द भरायचं काम पुढे सॉफ्टवेअरनं केलं. स्मृती स्वस्त झाली तशी चेंबरलिनची जुनी वाट राजरस्ता बनली. पूर्वी एका ड्रमचा एक ठोका साठवत. आता चांगल्या स्टुडिओत चांगल्या वादकाला बसवून त्याच ड्रमवर हळू, जरा जोरात, आणखी जोरात असे ठोके घेतात. प्रत्येक जोराचे पुन्हा अनेक नमुने. जवळचा माइक वेगळा, खोलीचा माइक वेगळा. २००३ साली 'बीएफडी' हे असं सॉफ्टवेअर आलं. त्याच सुमारास टूनट्रॅक या स्वीडिश कंपनीचं 'ड्रमकिट फ्रॉम हेल' गाजत होतं. त्यात 'मेशुगा' या स्वीडिश संचाच्या टॉमस हाके यांच्या ड्रमचे नमुने होते. आणि २००५ साली याच संचानं आपल्या 'कॅच थर्टीथ्री' या अल्बमचे ड्रम त्याच सॉफ्टवेअरवर मांडले. वादक हजर, संचात आहे, तरी वाजवतोय त्याचाच साठवलेला हात. २०१७ साली याच कंपनीनं काढलेल्या 'सुपीरिअर ड्रमर ३'मध्ये दोनशे तीस गिगाबाइटपेक्षा जास्त आवाज आहेत. लिन यांना एक झांज परवडत नव्हती, त्याला तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती.

दुसरीकडे २००४ साली ॲपलनं 'गॅरेजबँड' काढलं आणि साध्या माणसालाही घरी गाणं जुळवता येऊ लागलं. २०१३ साली त्यांच्या 'लॉजिक' या सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रमर' नावाची सोय आली. ठोके मांडायचे नाहीत, वादकाला सांगतो तसं सांगायचं: जरा साधं वाजव, जरा जोरात, शेवटी थोडी करामत कर. २०२४ साली त्यात बेस आणि कीबोर्ड वाजवणारेही दाखल झाले.

पण घरी बसून खरा वाटणारा ताल बांधणं सोपं आहे असं समजू नका. आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण दिवसा नोकरी करतो आणि रात्री लॅपटॉपवर गाणी करतो. माझ्या दोन-चार गझला त्यानं चालीत बांधल्या आहेत. त्याचं काम पाहत बसलो असताना तो मला म्हणाला, "चाचा, ड्रमवाल्याला हात किती?" म्हटलं, "दोन." "आणि पाय?" "दोन." "मग एका वेळी चारांपेक्षा जास्त आवाज निघाले तर?" त्याचा पहिला नियम हा. दोन्ही हात टॉमवर असतील तर त्याच क्षणी हायहॅटवर काठी पडता कामा नये. संगणक अडवत नाही, तो आठ हातांनीही वाजवेल. अडवायचं आपण.

दुसरा नियम जोराचा. हायहॅटचे आठ ठोके सगळे शंभराच्या जोरानं मांडले तर यंत्र उघडं पडतं. माणसाचा हात झोका घेतो. मात्रेवरचा ठोका शंभरच्या आसपास, मधला सत्तर-पंचाहत्तर, त्यातही दोन सारखे नाहीत. तिसरा नियम नमुन्यांचा. स्नेअरचा एकच नमुना भरभर वाजला की मशीनगन चालल्यासारखं वाटतं. म्हणून सॉफ्टवेअर दरवेळी वेगळा नमुना काढतं. चौथा नियम न ऐकू येणाऱ्या ठोक्यांचा. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काठी स्नेअरवर हलकेच टेकवत जाणं, जोर पंचवीस-तीसचा. तबल्यात ठेका नुसता न देता बोलांनी भरतात, तसलंच हे काम. वेगळे ऐकू येत नाहीत, काढून टाकले की ताल हाडकुळा होतो. आणि पाचवा नियम वेळेचा. स्नेअर पाच-दहा मिलिसेकंद मागे ठेवला तर गाणं ऐसपैस बसतं. हायहॅट किंचित पुढे काढला तर घाई वाटते.

मग सोपा उपाय सुचतो: सगळे ठोके यंत्राला वाटेल तसे थोडे पुढेमागे करायला सांगावं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'ह्यूमनाइझ' नावाचं बटण असतं. ते दाबलं की माणूस तयार? नाही. जर्मनीत गॉटिंगन इथे होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घानाच्या एका ड्रमवादकाचं वादन मोजलं. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. वादकाचे ठोके बरोबर जागेपासून सरकत होते, पण फासे टाकल्यासारखे नव्हे. आत्ताचं सरकणं मघाच्या सरकण्याशी नातं सांगत होतं, आणि हे नातं लांबवर टिकत होतं. माणूस मागे रेलला की काही काळ मागेच रेलतो, मग हळूहळू सावरतो. संशोधकांनी श्रोत्यांना दोन तऱ्हेचं संगीत ऐकवलं, एक फाशांनी विस्कटलेलं, दुसरं असं नातं जपून सरकवलेलं. श्रोत्यांना दुसरं आवडलं. म्हणजे माणसाच्या चुकीलाही स्मरण असतं. यंत्राची चूक क्षणात विसरली जाते.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. आम्ही गझल लिहिणारे मात्रा मोजतो. लगावली चुकली तर शेर पडतो. पण मुशायऱ्यात जाणता शायर शेर म्हणतो तेव्हा तो मात्रा मोजत नसतो. पहिल्या ओळीत एका शब्दावर थोडा रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्याचं उत्तर दुसऱ्या ओळीत देतो. वृत्त तेच राहतं, श्वास बदलतो. नुसत्या वृत्तात बसलेली कविता आणि जिवंत कविता यांतलं अंतर वीस मिलिसेकंदांएवढंच असेल, पण ते ओलांडायला कधी आयुष्य जातं.

आता शेवटचा मुद्दा. माझ्या दृष्टीनं तोच मोठा. हा खरेपणा आणायचा कुठून? कुणाच्या तरी हातातून. १९६९ साली वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या संचानं 'आमेन, ब्रदर' नावाचं वाद्यसंगीत रेकॉर्ड केलं. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी चार आवर्तनं एकट्यानं ड्रम वाजवले. सहा-सात सेकंद. तेवढा तुकडा कापून, लांबवून, आखडून हजारो गाण्यांत वापरला गेला. ब्रिटनमधला 'जंगल' हा संगीतप्रकार तर त्यावरच उभा राहिला. कोलमन यांना त्यातलं काहीही मिळालं नाही. २००६ साली ते गेले, तेव्हा त्यांना राहायला घर नव्हतं. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड जमवले आणि संचाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कोलमन ते पाहायला नव्हते.

क्लाइड स्टबलफील्ड यांचंही तेच. जेम्स ब्राउन यांच्या १९७० साली निघालेल्या 'फंकी ड्रमर'मधला त्यांचा ठेका हिपहॉपच्या असंख्य गाण्यांत आहे. मघाशी सांगितलेल्या हलक्या, लपलेल्या ठोक्यांचा तो वस्तुपाठच. पण गाण्याचे लेखक म्हणून त्यांचं नाव नव्हतं, म्हणून रॉयल्टी नाही. कायद्यानं चालीला मालक मानला, शब्दांना मालक मानला. ताल मात्र गायरानासारखा राहिला, कुणीही यावं आणि चरून जावं. स्टबलफील्ड २०१७ साली गेले.

आपल्याकडे हा प्रश्न फार दूरचा नाही. गाणं शिकणाऱ्या कितीतरी घरांत बंगळुरूच्या राडेल कंपनीची 'तालमाला' किंवा तसलंच एखादं तबला यंत्र असतं. आता तर मोबाइलवरही तबला मिळतो. पहाटे पाचला उठून रियाज करणाऱ्या मुलीला साथीला कोण येणार? यंत्र येतं, कंटाळत नाही, मानधन मागत नाही, आणि तालुक्याच्या गावातही पोचतं. तिच्यासाठी हा आशीर्वाद आहे, त्याला नावं ठेवू नयेत. पण हे यंत्र तिच्या चुकीला सांभाळून घेत नाही. ती समेवर उशिरा आली तर तबलजी तिच्यासाठी किंचित थांबला असता, नजरेनं हसला असता. यंत्र पुढे निघून जातं. म्हणून रियाजाला यंत्र असावं आणि कधीमधी समोर माणूसही असावा.

आणि घरी संगीत करणाऱ्या तरुणांनाही एक सांगावंसं वाटतं. तुमच्या पडद्यावरच्या त्या चौकोनात जो ठोका आहे, तो कुणीतरी एके दिवशी, एका खोलीत, मनगट दुखेपर्यंत वाजवला आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या वादकाचं नाव दिलेलं असतं. आपल्या गाण्याच्या श्रेयनामावलीत ते लिहायला पैसे पडत नाहीत. ग्रेगरी कोलमन यांचं नाव वेळेवर लिहिलं गेलं असतं तर कदाचित त्यांचं दार कुणीतरी वाजवलं असतं.

यंत्राला ताल शिकवण्याच्या या नव्वदेक वर्षांत माणूस एक गोष्ट शिकला. बरोबर मोजणं सोपं होतं, ते घड्याळजीलाही जमलं. अवघड होतं ते किंचित मागे राहणं, आणि कुणासाठी मागे राहतोय हे ठाऊक असणं. तेवढं अजून हातांकडेच आहे. त्या हातांना नाव आणि दाम मिळत राहिलं, तर यंत्रांनाही पुढे शिकायला काहीतरी उरेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)